चहाआधीचा अर्धा तास

संक्रांतीचं हळदीकुंकू असो, महिन्याची भिशी असो, नाहीतर डॉक्टरांच्या दवाखान्यातला बाक. चार बायका शेजारी बसल्या की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो, ‘‘तुमची कितीची?’’ ऐकणाऱ्याला वाटावं, साडीची किंमत विचारतायत. पण विचारलेलं असतं ते थायरॉइडच्या गोळीबद्दल. कुणाची पन्नासची, कुणाची पंचाहत्तरची, कुणाची शंभरची. मग पाठोपाठ सल्ले सुरू होतात. एकीनं कोबी-फ्लॉवर कायमचा बंद केलेला असतो, दुसरी रोज सकाळी धन्याचं पाणी पीत असते, आणि तिसरी हळूच सांगते, ‘‘मी तर बाई गोळी सोडूनच दिली. तीन आठवडे झाले, काही होत नाही बघा.’’ ऐकणाऱ्या दोघीतिघी मग घरी जाऊन आपापल्या बाटलीकडे संशयानं बघायला लागतात.

या तिसरीची काळजी वाटते, म्हणून आजचा विषय.

थायरॉइडची कमतरता ही काही एखाददुसरीची गोष्ट राहिलेली नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात साधारण दर दहा जणांमागे एकाला ही कमतरता आढळली आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तिचं प्रमाण जास्त निघालं. त्यातही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की ज्यांना ती होती त्यांच्यापैकी जवळपास एक तृतीयांश जणांना तोपर्यंत पत्ताच नव्हता.

पत्ता कसा लागणार? या दुखण्याला ताप नाही, कळ नाही, जखम नाही. सकाळी उठतानाच अंग जड वाटतं. सगळ्यांना उकडत असताना हिला पंखा नको असतो. कातडी कोरडी पडते, कंगव्यात केसांचा पुंजका येतो, पोट साफ होत नाही, पाळीला अंगावरून जास्त जातं. आवाज जरा घोगरा होतो, डोळ्यांखाली सूज दिसते, दूध गॅसवर ठेवून विसरायला होतं. यातलं प्रत्येक लक्षण सुटं सुटं बघितलं तर त्याला घरात उत्तर तयार असतं. ‘‘वय झालं आता.’’ ‘‘बाळंतपणात नीट विश्रांती घेतली नाहीस.’’ ‘‘दुपारी झोपतेस ना, म्हणून वजन वाढतं.’’ आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ‘‘पूर्वी किती चटपटीत होती, आता आळशी झालीय.’’ हे इतक्यांदा ऐकावं लागतं की शेवटी तिलाही ते खरं वाटायला लागतं. रक्त तपासायचं राहतं बाजूला आणि ती स्वतःलाच दोष देत बसते.

म्हणून मैत्रिणींनो, थोडं मुळापासून समजून घेऊ.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. वजन असेल वीसेक ग्रॅम. अन्नातून मिळणारं आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचं संप्रेरक तयार करते. शरीराच्या शेगडीची आच किती ठेवायची, हे या संप्रेरकावर ठरतं. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, पाळी, त्वचा, मन, सगळ्यांना त्याची गरज. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची दुसरी ग्रंथी आहे, ती मुकादमासारखी वरून लक्ष ठेवते. खालचं काम कमी पडलं की मुकादम ओरडायला लागतो. त्या ओरडण्याचं नाव टी.एस.एच. रिपोर्टमध्ये टी.एस.एच. वाढलेला दिसला की बायका म्हणतात, ‘‘माझा थायरॉइड वाढलाय.’’ बहुतेक वेळा खरं उलट असतं. मुकादमाचं ओरडणं वाढलंय, कारण थायरॉइडचं काम कमी झालंय.

ते का कमी होतं? आपल्याकडे आज याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव मिळालं. कुणाची ग्रंथी शस्त्रक्रियेत काढलेली असते, कुणाला बाळंतपणानंतर काही महिने हा त्रास होतो. आयोडीनची कमतरता हेही एक जुनं कारण. १९५६ साली हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठानं गलगंड कमी होतो हे दिसलं. पुढे १९६२ साली देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पाकिटामागे एवढा इतिहास आहे.

आता गोळीकडे वळू. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरांकडे एक शेहेचाळीस वर्षांची बाई आली. सुजलेला चेहरा, जड झालेली जीभ, सदानकदा थंडी. त्या काळी याला औषध नव्हतं. मरे यांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क काढून तिला टोचला आणि काही महिन्यांत बाई माणसांत आली. पुढे ती तोच अर्क तोंडानं घेत राहिली आणि आणखी अठ्ठावीस वर्षं जगली. १९१९ साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती गेली, तोवर तिच्या औषधासाठी आठशे सत्तरहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या! १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२७ साली ते प्रयोगशाळेत बनवता आलं. आज एल्ट्रॉक्सिन, थायरोनॉर्म अशा नावांनी मिळणारी बारीकशी गोळी म्हणजे तेच. आपली ग्रंथी जे बनवायची, तेच लेव्होथायरॉक्सिन बाहेरून द्यायचं, एवढाच तिचा उद्योग. एका मिलिग्रॅमचे हजार भाग केले तर त्यातले पन्नास भाग म्हणजे ‘पन्नासची’ गोळी.

म्हणून ‘‘गोळीची सवय लागते’’ हे म्हणणं बरोबर नाही. दिव्यातलं तेल आटलं तर आपण तेल घालतो. त्याला दिव्याला तेलाची सवय लागली असं कुणी म्हणत नाही. चष्मा लागला की रोज लावतोच ना? तसंच हे.

मग ‘‘तीन आठवडे झाले, काही होत नाही’’ याचं काय? त्यातच तर फसगत आहे. हे औषध शरीरातून फार सावकाश जातं. निम्मं कमी व्हायला साधारण सात दिवस लागतात. उरलेल्यातलं निम्मं जायला आणखी सात. कणगीतलं धान्य जसं पेरणी थांबवल्यावरही काही दिवस पुरतं, तसं ते पुरतं. गोळी सोडणारी बाई पहिले काही आठवडे साठ्यावर जगत असते आणि श्रेय मात्र धन्याच्या पाण्याला जातं. पुढे दोन-चार महिन्यांनी पाय सुजतात, पाळी बिघडते, कोलेस्टेरॉल वाढतं, मन उदास होतं, तेव्हा त्याचा संबंध गोळी सोडण्याशी आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हातारपणी, थंडीच्या दिवसांत, एखाद्या जंतुसंसर्गाच्या निमित्तानं अशी बाई बेशुद्ध होऊन जिवावर बेतल्याची उदाहरणं क्वचित का होईना, घडतात.

आता खरी गोम. गोळी रोज घेऊनही अनेकींचा टी.एस.एच. जागचा हलत नाही. डॉक्टर पन्नासची पंचाहत्तर करतात, पंचाहत्तरची शंभर. बाई म्हणते, ‘‘मला काही गोळी लागू पडत नाही.’’ खूपदा दोष गोळीचा नसतो, वेळेचा असतो. ही गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास, जमल्यास तासभर, पोटात काही जाऊ द्यायचं नाही. चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही, बिस्किट नाही. पोटात दुसरं काही असलं की गोळी पुरेशी शोषलीच जात नाही.

ऐकायला किती सोपं! पण आपल्या घरातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. पाचला नळाला पाणी येतं. ते भरता भरता एका शेगडीवर दूध, दुसरीवर सासऱ्यांचा चहा. मुलाचा डबा, यांचा डबा, पोळ्या, देवपूजेची तयारी. या धावपळीत तिचा स्वतःचा चहा ओट्याशी उभ्यानं, दोन घोटांत होतो आणि गोळी आठवते ती अकरा वाजता, सगळे गेल्यावर, उरलेल्या पोह्यांबरोबर. नाहीतर चहाच्याच घोटाबरोबर गिळली जाते. रिपोर्टवर या धावपळीचा रकाना नसतो. तिथं फक्त आकडा दिसतो.

म्हणून माझं सांगणं असं, की थायरॉइडचा इलाज जितका औषधाच्या दुकानात आहे तितकाच तो आपल्या सकाळच्या वेळापत्रकात आहे. चहाआधीचा तो अर्धा तास बाईला मिळाला पाहिजे, आणि तिनंही तो हक्कानं घेतला पाहिजे.

युक्त्या आहेत. रात्री झोपताना उशाशी गोळी आणि तांब्या ठेवायचा. डोळे उघडले की पहिलं काम गोळी. मग पाणी भरून, अंगण झाडून होईस्तोवर अर्धा तास जातोच. सकाळ अगदीच जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेता येते, मात्र ते डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि मग रोज तीच वेळ पाळा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक टिंब करायचं, म्हणजे ‘‘आज घेतली की नाही?’’ हा घोळ राहत नाही. बाटली ओट्यावर, शेगडीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. उष्णता, उजेड आणि दमटपणा या तिन्हींनी हे औषध खराब होतं.

आणखी एक अंतर पाळायचं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आपल्याकडे अनेकींना चालू असतात. अॅसिडिटीचं औषधही घरोघर असतं. ही सगळी मंडळी थायरॉइडच्या गोळीला पोटात अडवून धरतात. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. सकाळी सहाला थायरॉइडची घेतली तर लोहाची दुपारी जेवणानंतर, कॅल्शियमची रात्री, असं काहीतरी डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या.

गोळीची मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, त्याआधी घाई करून उपयोग नाही. आकडा जागेवर आला की मग सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी त्या थांबवा, कारण बायोटिनमुळे रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो. पैशाचा प्रश्न असतो, तो खराच. पण लेव्होथायरॉक्सिन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याच्या किमतीवर बंधन आहे. महिन्याकाठी घरात येणाऱ्या बऱ्याच गोष्टींपेक्षा ही गोळी स्वस्त पडते.

आता ताटाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहेत.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांत आयोडीनच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात हे खरं. पण शिजवल्यावर ते बरेच कमी होतात, आणि घरात आयोडीनयुक्त मीठ असेल तर आठवड्यातून एक-दोनदा केलेली भाजी काही बिघडवत नाही. बाजरीचंही तसंच. सुदानसारख्या भागात, जिथं बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीन तुटपुंजं, तिथं गलगंडाशी तिचा संबंध दिसला होता. आपल्याकडे थंडीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, कधी ज्वारी, कधी नाचणी अशी पालट असते. तेवढ्यासाठी बाजरी हद्दपार करायची गरज नाही. सोयाबीन मात्र गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा.

मिठाच्या बाबतीत उलटा प्रकार चाललाय. हल्ली अनेक घरांत आरोग्याच्या नावाखाली रोजच्या स्वयंपाकाला सैंधव किंवा गुलाबी मीठ आलंय. उपवासाला सैंधव चालू द्या, पण रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनयुक्त मीठच हवं, विशेषतः घरात गर्भवती, बाळंतीण किंवा वाढती मुलं असतील तर. ते झाकणाच्या बरणीत, ओलाव्यापासून लांब ठेवावं आणि जमेल तेव्हा पदार्थ शिजत आल्यावर घालावं. याचा अर्थ मीठ जास्त खा असा नव्हे. माणशी दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आतच. आणि आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या मनानं तर मुळीच घेऊ नका. जास्त आयोडीननंही ही ग्रंथी बिघडते.

मग खायचं काय? थायरॉइडचा असा वेगळा स्वयंपाक नसतो, मैत्रिणींनो. मंदावलेल्या आतड्यांना पालेभाजी, कोशिंबीर, फळ आणि भरपूर पाणी लागतं. थकलेल्या अंगाला प्रथिनं लागतात, म्हणजे मटकी-मुगाची उसळ, वरण, दही, खात असाल तर अंडं आणि मासे. थायरॉइडच्या जोडीला अनेकींना रक्तही कमी असतं आणि दोन्हींचा थकवा सारखाच दिसतो. म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या, अळीव, पालेभाज्या, कडधान्यं ताटात येऊ द्या, वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागूनच चहा नको. मुख्य म्हणजे हे सगळं तिच्या स्वतःच्या ताटात पडलं पाहिजे. सगळ्यांना वाढून उरलेल्या रश्श्याबरोबर शिळी पोळी, हा आहार कुठल्याच दुखण्याला चालत नाही.

वजनाबद्दलही खरं बोलायला हवं. या कमतरतेनं वाढणारं वजन बहुतेकींच्या बाबतीत दोन ते पाच किलोंच्या आसपास असतं आणि त्यात मीठ-पाण्याची सूज बरीच असते. त्याहून जास्तीचं कमी करायला चालणं आणि ताटावर लक्ष हेच मार्ग. वजन उतरावं म्हणून गोळी मनानं वाढवणाऱ्या बायका आहेत. तसं केलं तर छातीत धडधड होते, ठोके अनियमित होतात आणि पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ होतात. उलट, टी.एस.एच. किंचित वाढलेला आणि टी-४ व्यवस्थित असेल तर प्रत्येकीला लगेच गोळी लागतेच असंही नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून डॉक्टर ठरवतात. बाळंतपणानंतरचा त्रासही पुष्कळदा आपला आपण जातो. गोळी सुरू करणं आणि थांबवणं, दोन्ही रक्ताच्या आकड्यावर ठरावं, भिशीतल्या मतावर नव्हे.

शेवटी लग्नाच्या मुलींबद्दल. ‘‘गोळी चालू आहे हे सांगू नकोस, जमलेलं मोडेल,’’ असं आई-मावशीच मुलीला बजावतात. मग नव्या घरात ती गोळी पर्समध्ये लपते, चुकते, शेवटी बंद पडते. नेमके हेच दिवस दिवस राहण्याचे असतात! पोटातलं बाळ पहिले तीन महिने आईच्याच थायरॉक्सिनवर विसंबून असतं, त्याच्या मेंदूची घडण त्यावर चालते. गर्भ राहिला की गोळीची मात्रा बहुधा पाव ते एक तृतीयांशानं वाढवावी लागते, म्हणून पाळी चुकल्याचं कळताच डॉक्टरांना सांगायला हवं. लपवलेली गोळी वाढवणार कोण? गोळी नीट घेणाऱ्या बाईला मूल होतं, निरोगी होतं, ती नोकरी करते, शेत बघते, सगळं करते. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आणि ही गोष्ट ऐकून जे स्थळ मागे फिरतं, ते गेलेलंच बरं.

घरातल्या मंडळींना एकच सांगणं. सकाळी ती उठून गोळी घेते तेव्हा तिला लगेच चहाची हाक देऊ नका. पहिला चहा एखाद्या दिवशी मुलानं करावा, एखाद्या दिवशी यांनी, पाहिजे तर सासूबाईंनी. दूध उतू जाईल, साखर जास्त पडेल, चालेल. आणि मैत्रिणींनो, तुम्हीही ‘‘राहू दे, मीच करते’’ म्हणत उठू नका. अर्ध्या तासानं त्यांनी केलेला चहा प्या, पण बसून.